लेनिनोत्तर सत्तासंघर्ष

लेनिनोत्तर सत्तासंघर्ष : रशियन राज्यक्रांतीचा नेता व्ह्‌लाद्यीमिर इल्यिच लेनिन (१८७०–१९२४) याच्या अखेरच्या आजारपणात व मृत्यूनंतर रशियाच्या कम्युनिस्ट पक्षात नेतृत्वाच्या वारशासाठी झालेला संघर्ष. स्थूलमानाने मे १९२२ ते डिसेंबर १९२९ हा त्याचा कालखंड मानला जातो. लीअन ट्रॉट्स्की, जोझेफ स्टालिन, ग्रिगोरी झिनोव्हिएव्ह, ल्येव्ह कामेनेव्ह व निकोलाय बुखारिन हे त्यातील प्रमुख प्रतिस्पर्धी होत. या संघर्षात स्टालिन विजयी झाला आणि सोव्हिएट संघाची पुढील सुमारे पाव शतकाची वाटचाल त्यामुळे निश्चित झाली. क्रांतीने सत्ता कशी मिळवावी याचा सिद्धांत बोल्शेव्हिकांनी तपशीलवार मांडला होता. परंतु ती सत्ता एका नेत्याकडून दुसऱ्याकडे कोणत्या नियमाने जावी, याचा विचार त्यांनी केलेला नव्हता. या उणिवेचे परिणाम प्रतिस्पर्ध्यांपुरते मर्यादित राहिले नाहीत; ते रशियातील कोट्यवधी शेतकऱ्यांना व कामगारांनाही भोगावे लागले.

पार्श्वभूमी : लेनिन हा पीपल्स कमिसार मंडळाचा, म्हणजे सरकारचा, अध्यक्ष होता, पक्षात मात्र त्याच्याकडे सर्वोच्च असे कोणतेही औपचारिक पद नव्हते. मध्यवर्ती समिती व तिचे पॉलिट ब्यूरो यांचा तो इतरांच्या बरोबरीचा सदस्य होता. त्याचे श्रेष्ठत्व पक्षाचा संस्थापक, सिद्धांतकार व ऑक्टोबर क्रांतीचा सूत्रधार म्हणून त्याने मिळविलेल्या व्यक्तिगत अधिकारावर आधारलेले होते. असा अधिकार वारसाहक्काने दुसऱ्याकडे जाऊ शकत नाही आणि निवडणुकीने बहालही करता येत नाही. त्यामुळे त्याच्यानंतर पक्षाचे नेतृत्व सामुदायिक राहील, असे सर्वच नेते म्हणत होते. प्रत्यक्षात प्रत्येक जण इतरांपैकी कोणी वरचढ होऊ नये, यासाठी धडपडत होता.

क्रांतीनंतर इतर सर्व पक्षांवर हळूहळू बंदी घालण्यात आली. साहजिकच देशातील मतभेद व हितसंबंध यांना वाट मिळण्यासाठी कम्युनिस्ट पक्ष हेच एक व्यासपीठ उरले. मार्च १९२१ मध्ये क्रोनस्टाट येथील नाविकांच्या उठावाच्या सावटाखाली पक्षाचे दहावे अधिवेशन भरले. त्यात एकीकडे शेतकऱ्यांना सवलती देणारे नवे आर्थिक धोरण स्वीकारण्यात आले, तर दुसरीकडे पक्षैक्याचा ठराव संमत करून पक्षांतर्गत गटबंदीस मनाई करण्यात आली. गटबंदी करणाऱ्या मध्यवर्ती समितीच्या सदस्यासही दोनतृतीयांश मतांनी पक्षातून काढून टाकता यावे, असे एक कलम या ठरावात होते व ते त्या वेळी गुप्त ठेवण्यात आले. ठराव लेनिनने मांडला होता आणि पुढे ज्यांच्यावर त्याचा प्रयोग झाला, ते ट्रॉट्स्की, झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह व बुखारिन हे सर्व त्या वेळी त्याच्या बाजूचे होते. नंतरच्या संपूर्ण संघर्षात हा ठराव निर्णायक ठरला. मतभेद व्यक्त करण्यासाठी एकत्र येणे हाच त्यामुळे अपराध झाला आणि मतभेद कोणता व गटबंदी कोणती, हे ठरविण्याचा अधिकार बहुमताकडे गेला.

सरचिटणीसपद व पक्षयंत्रणा : पक्षाच्या मध्यवर्ती समितीने १९१९ मध्ये राजकीय निर्णयांसाठी पॉलिट ब्यूरो, संघटनेसाठी संघटन मंडळ व दैनंदिन कारभारासाठी सचिवालय अशी तीन अंगे निर्माण केली. पक्षाचे संघटनकार्य एकहाती सांभाळणारा याकोव्ह स्व्हेर्डलोव्ह त्याच वर्षी मृत्यू पावला होता. ३ एप्रिल १९२२ रोजी स्टालिनची सरचिटणीस या नव्या पदावर नेमणूक झाली. या पदाकडे तेव्हा कोणी सत्तेचे स्थान म्हणून पाहिले नाही. ते कष्टाचे व कंटाळवाण्या कारकुनी कामाचे पद समजले जाई.

सचिवालयाच्या नोंदणी व नेमणूक विभागाकडे पक्षकार्यकर्त्यांची माहिती ठेवण्याचे व त्यांना निरनिराळ्या प्रांतांत जबाबदारीच्या जागा देण्याचे काम होते. १९२२-२३ या एका वर्षात या विभागाने दहा हजारांहून अधिक नेमणुका केल्या. प्रांतिक चिटणीसांची निवड नियमानुसार स्थानिक पक्षशाखेने करावयाची असे. परंतु व्यवहारात मध्यवर्ती सचिवालयाची ‘शिफारस’ हीच नेमणूक ठरू लागली. असे नियुक्त चिटणीस आपल्या प्रांतातून अधिवेशनाचे प्रतिनिधी पाठवीत, प्रतिनिधी मध्यवर्ती समिती निवडीत आणि ही समिती सरचिटणीसाची निवड करी. अशा रीतीने नेमणुकीचा अधिकार फिरून नेमणूक करणाऱ्याकडेच पाठिंब्याच्या रूपाने परत येई. अमेरिकन इतिहासकार रॉबर्ट डॅनिएल्स याने या व्यवस्थेस सत्तेचा वर्तुळाकार प्रवाह असे नाव दिले आहे.

ज्यांना नेमणुका मिळाल्या, त्यांच्या दृष्टीने पाहता या पाठिंब्यात केवळ लाचारी होती असेही नाही. यादवी युद्धातून बाहेर पडलेल्या या तरुण, अल्पशिक्षित कार्यकर्त्यांना परदेशात वास्तव्य केलेले विद्वान व वक्ते असे जुने पुढारी परके वाटत. स्टालिन त्यांना भेटे, त्यांच्या अडचणी ऐकून घेई व त्यांची कामे करून देई.

लेनिनचे ‘मृत्युपत्र’ : लेनिनला मे १९२२ मध्ये पक्षाघाताचा पहिला झटका आला. काही काळ तो पुन्हा कामावर रुजू झाला. परंतु डिसेंबर १९२२ मध्ये त्याची प्रकृती पुन्हा ढासळली. मध्यवर्ती समितीने त्याच्या वैद्यकीय पथ्यपाण्यावर देखरेख ठेवण्याचे काम स्टालिनकडे सोपविले. २३ डिसेंबर १९२२ पासून लेनिनने आपल्या चिटणीस स्त्रियांना काही टिपणे तोंडी सांगितली. पुढील अधिवेशनास उद्देशून असलेली ही टिपणे ‘मृत्युपत्र’ या नावाने ओळखली जातात.

या टिपणांत लेनिनने सहा सहकाऱ्यांचे मूल्यमापन केले आहे. स्टालिनच्या हाती अमर्याद सत्ता एकवटली असून ती तो नेहमी पुरेशा सावधपणे वापरील की नाही, याविषयी त्याने शंका प्रकट केली. ट्रॉट्स्कीस त्याने सर्वांत कर्तबगार मानले; परंतु त्याचा अतिरिक्त आत्मविश्वास व प्रशासकीय बाजूकडील अवाजवी ओढा हे दोष दाखविले. झिनोव्हिएव्ह व कामेनेव्ह यांनी ऑक्टोबर १९१७ मधील उठावास केलेला विरोध योगायोगाचा नव्हता, असे त्याने नमूद केले. बुखारिन हा पक्षाचा आवडता सिद्धांतकार असला, तरी त्याचे सैद्धांतिक विचार पूर्णतः मार्क्सवादी म्हणता येतील की नाही, याबद्दल त्यास संदेह होता. सहाव्या प्याताकोव्ह याच्यावर गंभीर राजकीय प्रश्नी विसंबता येणार नाही, असे त्याचे मत होते. ४ जानेवारी १९२३ रोजी जोडलेल्या पुरवणीत स्टालिन अतिशय उद्धट असल्यामुळे त्यास सरचिटणीसपदावरून दूर करण्याचा मार्ग शोधावा, अशी स्पष्ट सूचना त्याने केली. त्याच्या जागी कोणास नेमावे, हे मात्र त्याने सांगितले नाही.

जॉर्जियातील कम्युनिस्टांशी स्टालिनने केलेल्या दंडेलीमुळेही लेनिन अस्वस्थ झाला होता. ५ मार्च १९२३ रोजी त्याने या प्रकरणी जॉर्जियनांची बाजू मांडण्याची ट्रॉट्स्कीस विनंती केली. त्याच दिवशी आपली पत्नी नाद्येझ्दा क्रुपस्काया हिला दूरध्वनीवरून अपमानास्पद बोलल्याबद्दल स्टालिनने क्षमा मागावी, असे पत्रही त्याने लिहविले. १० मार्च रोजी आलेल्या झटक्याने त्याची वाचा गेली. एप्रिलमधील बाराव्या अधिवेशनात ट्रॉट्स्कीने हा प्रश्न उपस्थित केला नाही आणि स्टालिनवरील मोठे संकट टळले. या टिपणांच्या विश्वसनीयतेविषयी स्टीव्हन कॉटकिन या इतिहासकाराने शंका घेतली आहे. तथापि बहुसंख्य अभ्यासक ती अस्सल मानतात.

त्रिकूट व ट्रॉट्स्की (१९२३–२५) : लेनिनच्या खालोखाल जनतेला ठाऊक असलेला नेता ट्रॉट्स्की हाच होता. लाल सेनेची उभारणी व यादवी युद्धातील विजय यांचे श्रेय त्यास दिले जाई. नेमक्या याच कारणाने इतरांना त्याची भीती वाटत होती. फ्रेंच राज्यक्रांतीचा शेवट नेपोलियनच्या लष्करी सत्तेत झाला, हे बोल्शेव्हिकांच्या मनात सतत होते आणि सेनामंत्री ट्रॉट्स्की हाच भावी नेपोलियन होईल असे अनेकांस वाटे. शिवाय तो १९१७ च्या उन्हाळ्यात पक्षात आलेला होता. त्यापूर्वी अनेक वर्षे त्याने लेनिनवर कठोर टीका केली होती. स्वभावाने तो मानी असून सहकाऱ्यांना जोडून ठेवण्याची कला त्याच्याजवळ नव्हती.

ट्रॉट्स्कीस रोखण्यासाठी झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह व स्टालिन यांचे त्रिकूट बनले. झिनोव्हिएव्ह हा पेट्रोग्राड पक्षशाखेचा प्रमुख व कॉमिन्टर्नचा अध्यक्ष होता. कामेनेव्हकडे मॉस्कोची पक्षशाखा होती. ऑक्टोबर १९२३ मध्ये ट्रॉट्स्कीने आणि पाठोपाठ ४६ ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी पक्षातील नियुक्त चिटणीसांच्या नोकरशाहीविरुद्ध निवेदने दिली. जर्मनीतील नियोजित क्रांती त्याच महिन्यात फसली. जानेवारी १९२४ मधील पक्षपरिषदेने विरोधकांचा निम्न-भांडवलदारी वृत्तीचे विचलन म्हणून निषेध केला व १९२१ च्या ठरावातील गुप्त कलम या वेळी प्रसिद्ध करण्यात आले.

२१ जानेवारी १९२४ रोजी मॉस्कोजवळील गोर्की येथे लेनिन मरण पावला. ट्रॉट्स्की त्या वेळी प्रकृतिस्वास्थ्यासाठी काळ्या समुद्राकडे निघालेला असून तिफ्लिस येथे पोहोचला होता. अंत्यविधीस वेळेत येणे शक्य नाही, असे त्यास कळविण्यात आले. प्रत्यक्षात तो विधी २७ जानेवारीस झाला. आपली तारखेबाबत दिशाभूल करण्यात आली, असे ट्रॉट्स्कीने पुढे लिहिले. स्टालिनने २६ जानेवारीस सोव्हिएट अधिवेशनासमोर केलेल्या भाषणात लेनिनच्या आज्ञा पाळण्याच्या शपथा धार्मिक प्रार्थनेच्या धाटणीने उच्चारल्या. पेट्रोग्राडचे नाव लेनिनग्राड झाले व क्रुपस्कायाचा विरोध डावलून लेनिनचे शव रेड स्क्वेअरमध्ये जतन करण्यात आले. लेनिन हयात असता त्याच्याशी वाद घालता येत असे. मृत्यूनंतर त्याची वचने आधारग्रंथाप्रमाणे प्रमाण मानली जाऊ लागली आणि ज्याच्या हाती त्यांचा अर्थ लावण्याचा अधिकार, तोच त्याचा वारस ठरणार हे स्पष्ट झाले. स्टालिनने एप्रिल १९२४ मध्ये लेनिनवादाच्या मूलतत्त्वांवर व्याख्याने देऊन या कार्यास प्रारंभ केला. ‘लेनिन भरती’ या मोहिमेतून दोन लाखांहून अधिक नवे सदस्य पक्षात आले. त्यांना पक्षाचा पूर्वेतिहास प्रत्यक्ष ठाऊक नव्हता. तो त्यांना सचिवालयाकडूनच समजला.

मे १९२४ मध्ये तेराव्या अधिवेशनाच्या पूर्वसंध्येस, क्रुपस्कायाने सादर केलेले मृत्युपत्र निवडक प्रमुखांपुढे वाचण्यात आले. स्टालिनच्या बाबतीत लेनिनने व्यक्त केलेली भीती खरी ठरली नाही, असे सांगून झिनोव्हिएव्ह व कामेनेव्ह यांनीच त्यास वाचविले. ट्रॉट्स्की गप्प राहिला. मृत्युपत्र प्रसिद्ध न करण्याचे ठरले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते ऑक्टोबर १९२६ मध्ये छापले, सोव्हिएट संघात मात्र ते अधिकृत रीत्या १९५६ मध्येच प्रकाशित झाले. त्याच अधिवेशनात झिनोव्हिएव्हने ट्रॉट्स्कीस आपली चूक जाहीरपणे कबूल करण्याचे आव्हान दिले. पक्षाच्या विरोधात जाऊन कोणीही बरोबर असू शकत नाही, असे उत्तर ट्रॉट्स्कीने दिले. ही भूमिका एकदा मान्य केल्यावर विरोधी मताला तात्त्विक आधार उरत नव्हता. त्याच वर्षी ट्रॉट्स्कीने एका लेखात झिनोव्हिएव्ह व कामेनेव्ह यांच्या १९१७ मधील कचखाऊपणाची आठवण करून दिली; त्यावर त्याच्या लेनिनविरोधी भूतकाळाची उजळणी सुरू झाली. जानेवारी १९२५ मध्ये त्याने सेनामंत्रिपद सोडले. सैन्याच्या बळावर सत्ता घेण्याचा विचार त्याने केला नाही.

त्रिकुटातील फूट व संयुक्त विरोधी गट (१९२५–२७) : ट्रॉट्स्कीच्या पराभवाबरोबर त्रिकुटाचे प्रयोजन संपले. वादाचा विषय आता सैद्धांतिक बनला. मागासलेल्या रशियात समाजवाद टिकावयाचा, तर क्रांती पश्चिम यूरोपात पसरली पाहिजे, हे बोल्शेव्हिकांचे मूळ गृहीत होते. ट्रॉट्स्कीचा अखंड क्रांतीचा सिद्धांत त्यावरच उभा होता. याउलट ‘एका देशात समाजवाद’ शक्य आहे, हे मत स्टालिनने डिसेंबर १९२४ मध्ये मांडले. युद्ध, यादवी व दुष्काळ यांनी थकलेल्या कार्यकर्त्यांना परदेशातील क्रांतीची वाट पाहण्यापेक्षा स्वतःच्या देशात काही घडविता येईल, हा विचार अधिक आश्वासक वाटला. आर्थिक क्षेत्रात बुखारिनने शेतकऱ्यांशी सलोखा राखून, बाजारपेठेच्या मार्गाने संथपणे औद्योगिकीकरण करावे असे प्रतिपादन केले. विरोधकांच्या मते या मार्गाने सधन शेतकरी (कुलक) प्रबळ होऊन क्रांतीच धोक्यात आली असती. या काळात स्टालिनने बुखारिनची बाजू घेतली.

डिसेंबर १९२५ मधील चौदाव्या अधिवेशनात झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह व क्रुपस्काया यांनी बहुमतास आव्हान दिले. स्टालिन पक्षाला एकत्र ठेवू शकणार नाही, असे कामेनेव्हने उघडपणे सांगितले. विरोधकांना ६५ व बहुमतास ५५९ मते पडली. लेनिनग्राडचे प्रतिनिधी एकमुखाने झिनोव्हिएव्हच्या बाजूस होते व इतर प्रांतांचे तितक्याच एकमुखाने स्टालिनच्या. कारण दोहोंची निवड सारख्याच पद्धतीने झालेली होती. स्टालिनचे प्रांत अधिक होते, एवढाच फरक होता. काही आठवड्यांतच लेनिनग्राडची पक्षशाखा स्येर्गेय किरोव्हच्या ताब्यात देण्यात आली. याच अधिवेशनात स्टालिनने आपण ट्रॉट्स्कीच्या हकालपट्टीस पूर्वी विरोध केल्याचे सांगून, आज एकास छाटले तर उद्या दुसऱ्यास छाटावे लागेल, असा इशारा झिनोव्हिएव्हच्या गटास दिला. त्या काळी तो अनेकांना मध्यममार्गी व समंजस वाटत असे, हे त्याच्या यशाचे एक महत्त्वाचे कारण होय.

१९२६ मध्ये ट्रॉट्स्की, झिनोव्हिएव्ह व कामेनेव्ह एकत्र आले. दोन वर्षे एकमेकांवर केलेल्या आरोपांमुळे या युतीवर सामान्य कार्यकर्त्यांचा विश्वास बसणे कठीण होते. त्याच वर्षी झिनोव्हिएव्हला व ट्रॉट्स्कीला पॉलिट ब्यूरोमधून वगळण्यात आले. एप्रिल १९२७ मध्ये च्यांग कै-शेक याने शांघायमध्ये कम्युनिस्टांची कत्तल केल्यावर विरोधकांनी स्टालिन व बुखारिन यांच्या चीनविषयक धोरणावर कडाडून टीका केली. परंतु वृत्तपत्रे, सभागृहे व छापखाने त्यांना बंद होते. ७ नोव्हेंबर १९२७ रोजी, क्रांतीच्या दहाव्या वर्धापनदिनी, त्यांनी मॉस्को व लेनिनग्राड येथे स्वतंत्र फलक घेऊन निदर्शने केली. आठवडाभरात ट्रॉट्स्की व झिनोव्हिएव्ह यांना पक्षातून काढून टाकण्यात आले. डिसेंबरमधील पंधराव्या अधिवेशनाने कामेनेव्हसह इतर अनेकांची हकालपट्टी केली. झिनोव्हिएव्ह व कामेनेव्ह यांनी माघार घेऊन १९२८ मध्ये पक्षात पुन्हा प्रवेश मिळविला. ट्रॉट्स्कीने माघार नाकारली. त्यास जानेवारी १९२८ मध्ये अल्मा-आता येथे व फेब्रुवारी १९२९ मध्ये तुर्कस्तानात पाठविण्यात आले.

बुखारिनचा पराभव (१९२८-२९) : १९२७ च्या अखेरीस सरकारी धान्यवसुलीत मोठी तूट आली. सरकारी खरेदीचे भाव कमी होते आणि शेतकऱ्यास विकत घेता येईल असा कारखानी माल बाजारात नव्हता. त्यामुळे शेतकरी धान्य विकण्यास नाखूश होता. जानेवारी १९२८ मध्ये स्टालिन स्वतः सायबीरियात गेला आणि त्याने साठेबाजीविरोधी कलमाखाली जप्ती व खटले यांचा अवलंब करविला. ज्या धोरणासाठी ट्रॉट्स्कीचा निषेध झाला होता, त्याहूनही कठोर धोरणाकडे तो अशा रीतीने वळला. बुखारिन, सरकारचा अध्यक्ष अलिक्सेय रायकोव्ह व कामगार संघटनांचा प्रमुख म्यिखइल टॉम्स्की यांनी या धोरणास पॉलिट ब्यूरोत विरोध केला. जुलै १९२८ मध्ये बुखारिनने कामेनेव्हची गुप्तपणे भेट घेऊन स्टालिनविषयीची भीती बोलून दाखविली व त्याची तुलना चंगीझखानाशी केली. ही बातमी फुटल्यावर गटबंदीचा आरोप त्याच्यावर आला. ट्रॉट्स्कीविरुद्ध या आरोपाचा हिरिरीने पुरस्कार करणाऱ्यांत बुखारिन स्वतः होता. पक्षाबाहेर शेतकऱ्यांत त्याच्या मतांना मोठा पाठिंबा मिळाला असता. पण पक्षाबाहेरील जनतेस आवाहन करणे तोही निषिद्ध मानीत असे.

१९२९ मध्ये बुखारिनला ‘प्राव्दा’ हे वृत्तपत्र व कॉमिन्टर्न यांतील पदांवरून दूर करण्यात आले आणि नोव्हेंबरमध्ये पॉलिट ब्यूरोतूनही वगळण्यात आले. त्याच महिन्यात तिघांनी आपली चूक कबूल केली. २१ डिसेंबर १९२९ रोजी स्टालिनचा पन्नासावा वाढदिवस देशभर थाटाने साजरा झाला व लेनिनचा एकमेव वारस म्हणून त्याचा गौरव करण्यात आला. संघर्षाची ही अखेर मानतात.

परिणाम : विरोधी मताचे शेवटचे केंद्र नाहीसे होताच सक्तीच्या सामुदायिक शेतीस कोणताही अटकाव उरला नाही. कुलक ठरविलेल्या लाखो कुटुंबांची जमीन व घरेदारे हिरावून घेण्यात आली आणि त्यांतील अनेकांची दूरच्या प्रदेशांत रवानगी झाली. १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तान, उत्तर कॉकेशस व व्होल्गा खोरे येथे लक्षावधी लोक मृत्युमुखी पडले. हे धोरण पॉलिट ब्यूरोत पुन्हा चर्चेस आणील, असा स्वतंत्र अधिकाराचा कोणीही नेता तेथे राहिला नव्हता.

पराभूत नेत्यांपैकी झिनोव्हिएव्ह व कामेनेव्ह यांना ऑगस्ट १९३६ मध्ये, प्याताकोव्हला १९३७ च्या आरंभी व बुखारिन आणि रायकोव्ह यांना मार्च १९३८ मध्ये जाहीर खटल्यांनंतर गोळ्या घालण्यात आल्या. टॉम्स्कीने १९३६ मध्ये आत्महत्या केली. ट्रॉट्स्कीवर २० ऑगस्ट १९४० रोजी मेक्सिकोत स्टालिनच्या हस्तकाने घातक हल्ला केला व दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. लेनिनच्या काळात, १९२२ मध्ये, पॉलिट ब्यूरोचे सात पूर्ण सदस्य होते. लेनिन व स्टालिन वगळता उरलेल्या पाचांपैकी एकासही नैसर्गिक मृत्यू आला नाही. बुखारिन, रायकोव्ह, झिनोव्हिएव्ह व कामेनेव्ह यांना सोव्हिएट न्यायालयाने १९८८ मध्ये निर्दोष ठरविले.

या संघर्षाचे पडसाद कॉमिन्टर्नद्वारे इतर देशांतही उमटले. १९२८ मधील सहाव्या अधिवेशनात तिने डावे, आक्रमक धोरण स्वीकारले व ‘उजव्या’ विचलनाविरुद्ध मोहीम उघडली. १९२७ मध्ये तिचे प्रतिनिधी म्हणून चीनमध्ये गेलेले मानवेंद्रनाथ रॉय यांची या मोहिमेत १९२९ मध्ये कॉमिन्टर्नमधून हकालपट्टी झाली. मुंबईतील गिरणी कामगारांच्या १९२८ च्या प्रदीर्घ संपात कम्युनिस्टांनी मोठे स्थान मिळविले होते. परंतु नव्या धोरणास अनुसरून ते १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीपासून दूर राहिले आणि राष्ट्रीय चळवळीत एकाकी पडले. भारतात परतलेल्या रॉय यांच्या अनुयायांचा स्वतंत्र गट निर्माण झाला व महाराष्ट्रातील कामगार चळवळीत व वैचारिक जीवनात त्याचा प्रभाव दीर्घकाळ जाणवत राहिला.

मीमांसा : स्टालिनच्या विजयाची कारणमीमांसा निरनिराळ्या प्रकारे करण्यात आली आहे. ट्रॉट्स्कीच्या मते स्टालिन हा क्रांतीच्या ओहोटीत वर आलेल्या नोकरशाहीचा प्रतिनिधी होता. व्यक्ती म्हणून तो सामान्य होता. त्याचा चरित्रकार आयझाक डॉइचर यानेही रशियाचे मागासलेपण व क्रांतीचे एकाकीपण यांवर भर दिला. स्टीव्हन कोएन याने बुखारिनच्या चरित्रात (१९७३), स्टालिनवाद ही क्रांतीची अटळ परिणती नसून बुखारिनचा मार्ग हा खराखुरा पर्याय होता, असे प्रतिपादिले. सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर दप्तरखाने खुले झाल्यावर, स्टालिन हा केवळ कारस्थानी कारकून नसून परिश्रमी, वाचन करणारा व स्वतःच्या सिद्धांतावर विश्वास असणारा राजकारणी होता, हे अधिक स्पष्ट झाले आहे.

या मतमतांतरांतून एक गोष्ट समान दिसते. नेमणुकांवरील नियंत्रणाने स्टालिनला बहुमत दिले. परंतु बहुमत विरुद्ध गेल्यावर अल्पमताने काय करावे, याची कोणतीही वैध वाट पक्षाने ठेवली नव्हती, म्हणून ते बहुमत कायमचे झाले. ही वाट बंद करण्यास पुढे पराभूत झालेल्या प्रत्येकाने आपापल्या विजयाच्या काळात हातभार लावला होता. ट्रॉट्स्कीने १९२१ मध्ये, झिनोव्हिएव्ह व कामेनेव्ह यांनी १९२४ मध्ये, तर बुखारिनने १९२७ मध्ये ज्या नियमाचे समर्थन केले, तोच नियम त्यांच्यावर उलटला.

व्यक्तीच्या अधिकारावर उभ्या राहिलेल्या क्रांतिकारी राजवटींपुढे हा प्रश्न पुढेही वारंवार उभा राहिला. मार्च १९५३ मध्ये स्टालिन मरण पावल्यावर त्याचा वारसही संघर्षातूनच ठरला. गुप्त पोलिसांचा प्रमुख लव्ह्रेंती बेरिया याला त्याच वर्षी अटक करून देहान्त शासन देण्यात आले. चीनमध्ये ९ सप्टेंबर १९७६ रोजी माओ त्से-तुंग याचा मृत्यू झाल्यानंतर महिन्याभरातच त्याच्या पत्नीसह चार नेत्यांना अटक झाली आणि माओने निवडलेला वारस हुआ ग्वो-फंग हाही पुढे मागे पडला. सोव्हिएट संघात ऑक्टोबर १९६४ मध्ये निकिता ख्रुश्चॉव्ह यास मध्यवर्ती समितीने पदावरून दूर केले, तेव्हा मात्र त्यास निवृत्तिवेतन देऊन घरी पाठविण्यात आले. सत्ता गमावलेल्या नेत्याच्या जिवाला अपाय न होणे, हा लेनिनच्या मृत्यूनंतरच्या चाळीस वर्षांत त्या राज्यव्यवस्थेत झालेला लक्षणीय बदल होता.